व्यसनी मेंदूचे चित्र : एक उलटतपासणी

व्यसनमुक्तीवरील व्याख्यानात, भित्तिपत्रकात किंवा शाळेतल्या तक्त्यावर एक चित्र आपण सर्वांनी केव्हा ना केव्हा पाहिलेले असते. मेंदूचे तीन आडवे छेद शेजारी शेजारी मांडलेले. पहिल्यात मध्यभागी दोन स्वल्पविरामांसारखे लालभडक ठिपके. दुसऱ्यात तेच ठिपके विझत चाललेल्या निखाऱ्यांसारखे, हिरवट-पिवळे. तिसऱ्यात पुन्हा लाली आलेली. खालची अक्षरे सांगतात : निरोगी माणूस, मेथॅम्फेटामीन सोडून एक महिना झालेला व्यसनी, आणि सोडून चौदा महिने झालेला व्यसनी. अमेरिकेच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑन ड्रग अब्यूज' या सरकारी संस्थेने २००७ मध्ये 'ड्रग्ज, ब्रेन्स अँड बिहेवियर : द सायन्स ऑफ ॲडिक्शन' ही पुस्तिका काढली. या चित्राचा प्रसार मुख्यतः तिच्यामुळे झाला. पुस्तिका मोफत आहे, भाषा सोपी आहे, चित्रे देखणी आहेत. त्यामुळे २६ जूनला, अमली पदार्थविरोधी दिनी, भाषण करावे लागणाऱ्या शिक्षकाला ती हाताशी असणे स्वाभाविक आहे.

पुस्तिका वाईट नाही, हे आधीच सांगतो. व्यसन म्हणजे निव्वळ चारित्र्याचा दोष, ही समजूत मोडण्याचे काम तिने चांगले केले. घर, शाळा, सोबती यांचा व्यसनाशी असलेला संबंधही तिने एका प्रकरणात मांडला आहे. माझी तक्रार चित्रांविषयी आहे, आणि चित्रे वर्गात पोचल्यावर त्यांचे जे होते त्याविषयी आहे. मजकूर कोणी वाचत नाही, चित्र मात्र सर्वांच्या लक्षात राहते. मग वर्गात दोनपैकी एक वाक्य बोलले जाते. एक : "पाहा, मादक द्रव्याने मेंदूतील पेशी मरतात." दुसरे : "पाहा, सोडले की मेंदू पूर्ववत होतो." ही दोन वाक्ये एकमेकांच्या विरुद्ध आहेत, आणि गंमत अशी की या चित्रातून दोन्हीपैकी एकही सिद्ध होत नाही.

चित्रात नेमके काय मोजले आहे, तेथून सुरुवात करू. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीशी बोलते ती रसायनांच्या भाषेत. पहिल्या पेशीच्या लांब तंतूच्या टोकाशी अतिसूक्ष्म पुटिकांत डोपामीन साठवलेले असते. संदेश आला की पुटिका फुटतात, डोपामीन दोन पेशींमधल्या फटीत सांडते आणि पलीकडच्या पेशीवरील ग्राहींना चिकटते. संदेश पोचला. आता सांडलेला माल आवरायला हवा, नाहीतर संदेश संपणारच नाही. हे काम तंतूच्या टोकावर बसवलेले एक प्रथिन करते. त्याला डोपामीनचा वाहक म्हणू. बाजार उठल्यावर हमालाने पडलेला माल उचलून कोठारात परत न्यावा, तसा हा वाहक डोपामीन पेशीत परत नेतो.

चित्रातील लाल रंग म्हणजे हे वाहक. पेशी नव्हेत, डोपामीन नव्हे, विचार किंवा आनंद तर नव्हेच. वाहक मोजण्यासाठी त्यांना चिकटणारे एक रसायन घेतात, त्यात किरणोत्सारी कार्बन-११ गुंफतात आणि अगदी अल्प प्रमाणात शिरेतून देतात. या कार्बनचे अर्धायुष्य सुमारे २० मिनिटांचे असते, म्हणून तो तेथल्या तेथे सायक्लोट्रॉनमध्ये तयार करावा लागतो. त्यातून बाहेर पडणाऱ्या पॉझिट्रॉनमुळे जे गॅमा किरण निर्माण होतात, त्यांवरून रसायन कोठे, किती चिकटले हे गणिताने काढतात. तो आकड्यांचा तक्ता असतो. त्याला रंग देणे हे त्यानंतरचे काम, आणि ते माणसाच्या मर्जीवर असते. पर्जन्यमानाच्या नकाशात ५०० मिलिमीटरला पिवळा द्यायचा की हिरवा, हे जसे नकाशा काढणारा ठरवतो, तसेच. रंगपट्टी जरा इकडेतिकडे सरकवली तर पंचवीस टक्क्यांचा फरक भडक दिसतो, किंवा दिसतही नाही. हेच छेद काळ्या-पांढऱ्या छटांत छापले असते, तर त्यांचा दरारा निम्माही राहिला नसता.

आणखी एक गोष्ट पुस्तिका वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. या चित्रासाठी वापरलेले चिकटणारे रसायन होते मिथाइलफेनिडेट. चंचलता आणि अवधानाचा अभाव असलेल्या मुलांना जे औषध गोळीच्या रूपात दिले जाते, तेच. ते स्वतः एक उत्तेजक द्रव्य आहे आणि कोकेनप्रमाणेच त्याच वाहकाला अडवते. मग एक औषध आणि दुसरे मादक, हे कसे? याचे एक मोठे कारण वेगात आहे. गोळीतून घेतलेले मिथाइलफेनिडेट मेंदूत सावकाश चढते. ओढलेले किंवा टोचलेले कोकेन काही सेकंदांत ते मिनिटांत चढते. पेशीला वाहक अडवला गेला एवढेच कळत नाही, तो किती झपाट्याने अडवला गेला हेही कळते. रसायनशास्त्राच्या तासाला आपण अभिक्रियेचा वेग शिकवतो, त्याला इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आता मूळ शोधनिबंध पाहू. तो नोरा व्होल्काव आणि त्यांच्या ब्रुकहेव्हन येथील सहकाऱ्यांचा, २००१ सालचा. (व्होल्काव पुढे २००३ मध्ये पुस्तिका काढणाऱ्या याच संस्थेच्या संचालक झाल्या.) त्याच वर्षी आधी प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी मेथॅम्फेटामीन सोडलेले १५ जण आणि १८ निरोगी माणसे यांची तुलना केली होती. व्यसन केलेल्यांत वाहक सरासरीने मेंदूच्या एका भागात २७.८ टक्के, तर शेजारच्या भागात २१.१ टक्के कमी भरले. हालचालींचा वेग आणि स्मरण यांच्या चाचण्यांतही ते मागे होते. प्रश्न उरला तो हा : ही घट कायमची की तात्पुरती? त्यासाठी पाच जणांची पुन्हा तपासणी केली. पहिली तपासणी सोडल्यापासून सहा महिन्यांच्या आत, दुसरी १२ ते १७ महिन्यांनी. वाहक अनुक्रमे १९ आणि १६ टक्क्यांनी वाढलेले आढळले.

पाच जण. जगभरच्या भित्तिपत्रकांवर जी लाली परत आलेली आपण पाहतो, तिच्यामागे पाच माणसे आहेत, आणि चित्रात त्यांच्यापैकी एकच आहे. म्हणून निष्कर्ष खोटा ठरतो असे नाही. अशा तपासण्या खर्चिक असतात आणि व्यसन सोडलेली माणसे वर्षभर हाती राहणे त्याहून अवघड असते. परंतु पाचांवरून किती बोलावे, याला मर्यादा असते. मूळ निबंधाच्या लेखकांनी ती पाळली आहे. त्यांनी स्पष्ट लिहिले की बुद्धी आणि हालचाल यांच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. तेव्हा वाहक वाढणे हे कार्य पूर्ववत होण्यास पुरेसे नसावे. पुस्तिकेने मोठी लाली दाखवली आणि हे वाक्य चित्राच्या शेजारी ठळकपणे ठेवले नाही. विज्ञानाच्या प्रसारात असे नेहमी घडते. निबंधातील 'पण' गाळला जातो आणि आकृती पुढे सरकते.

त्याच लेखकांनी वाढीचे तीन संभाव्य अर्थ दिले होते. एक, पेशींची टोके शाबूतच होती, त्यांनी फक्त वाहकांची संख्या कमी केली होती आणि नंतर ती वाढवली. दोन, टोके खरोखर नष्ट झाली होती आणि पुन्हा उगवली. तीन, गेलेली गेली, पण उरलेल्या पेशींनी जास्त फांद्या फोडल्या. हे तीन अर्थ अगदी वेगवेगळे आहेत. पहिल्यात दुकान बंद होते, दुसऱ्यात ते पाडून पुन्हा बांधले, तिसऱ्यात शेजाऱ्याने आपले दुकान वाढवले. बाहेरून दिव्यांची संख्या मोजणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसणार. जी 'मेलेली पेशी' आपण वर्गात सांगतो, ती या चित्रात कोठेच नाही.

मग मेथॅम्फेटामीन पेशीचे काय करते? ते कोकेनसारखे दारात आडवे पडत नाही. आकाराने डोपामीनशी मिळतेजुळते असल्यामुळे ते वाहकाच्याच पाठीवर बसून आत शिरते, पुटिकांतील डोपामीन पेशीच्या द्रवात ओतायला लावते आणि वाहकाला उलटे चालवते, म्हणजे हमाल कोठारातला माल बाहेर फेकू लागतो. फटीत डोपामीनचा पूर येतो. पण खरे नुकसान आत होते. पुटिकेबाहेर पडलेल्या डोपामीनचे ऑक्सिडीकरण होते, त्यातून क्विनोने आणि ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होतात आणि तंतूचे टोक आतून पोळते. उंदरांवरच्या प्रयोगांत शरीराचे तापमान वाढले की ही हानी वाढते, प्राणी थंड ठेवला की कमी होते. तंतूची टोके झडली, तरी ज्या मूळ पेशीपासून ते तंतू निघतात ती पेशी बहुधा जिवंत राहते. झाडाचा शेंडा करपला, बुंधा उभा आहे, असे काहीसे.

माणसात असेच होते का? १९९६ मध्ये टोरांटो येथील स्टीफन किश आणि सहकाऱ्यांनी मेथॅम्फेटामीन घेणाऱ्या १२ जणांचे मेंदू त्यांच्या मृत्यूनंतर तपासले. डोपामीन कमी होते, ते बनवणारे एक विकर कमी होते, वाहकही कमी होते. पण डोपामीन बनवण्याच्या साखळीतील दुसरे विकर आणि पुटिकांवर असणारा वाहक, या दोन खुणा मात्र जवळपास नेहमीच्या पातळीवर होत्या. टोकेच झडली असती तर या खुणाही त्यांच्याबरोबर गेल्या असत्या. म्हणजे निदान त्या मेंदूंत टोके पुष्कळशी जागेवर होती आणि त्यांनी आपला कारभार आवरता घेतला होता. याचा अर्थ मेथॅम्फेटामीन निरुपद्रवी आहे असा मुळीच नाही. कारभार आवरलेला मेंदू धारण करणाऱ्या माणसाला रोजचे जगणे बेचव होते, आणि ही बेचव त्याला परत त्याच द्रव्याकडे ढकलते. पण 'पेशी मेल्या' आणि 'पेशींनी वागणे बदलले' या दोन वाक्यांत, ज्याचा भाऊ घरी व्यसनातून सुटण्याची धडपड करीत आहे अशा मुलाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात असे मूल असण्याची शक्यता आपण धरूनच चालावे.

'पेशी मरतात' या कथेला सर्वांत जोराचा धक्का उलट दिशेने बसला. १९९७ मध्ये टेरी रॉबिन्सन आणि ब्रायन कोल्ब यांनी उंदरांना काही आठवडे ॲम्फेटामीन दिले, नंतर महिनाभराहून अधिक काळ काहीच दिले नाही आणि मग मेंदूचे छेद गोल्जीच्या पद्धतीने रंगवले. एकोणिसाव्या शतकातील ही पद्धत काही थोड्याच पेशींना काळे करते, पण ज्यांना करते त्यांची फांदी न् फांदी दाखवते. त्यांना आढळले की आनंदाशी आणि निर्णयाशी संबंधित भागांत पेशींच्या फांद्या वाढल्या आहेत आणि त्यांवरचे सूक्ष्म काटे, जेथे चेतासंधी होतात ते, दाट झाले आहेत. पेशी झिजल्या नाहीत, फोफावल्या. शिकताना जे होते, त्याच जातीचा हा बदल आहे. मेंदू द्रव्य 'शिकतो', ते मिळवण्याची वाट, जागा, वेळ, सोबत सारे शिकतो आणि हे शिकणे विसरत नाही.

याच दोघांचा २००३ मधला पुढचा प्रयोग शिक्षकांनी अवश्य माहीत करून घ्यावा. उंदराला खेळणी, शिड्या आणि सोबती असलेल्या मोठ्या पिंजऱ्यात ठेवले की त्याच्या पेशींच्या फांद्या वाढतात, हे जुनेच ज्ञान. कोल्ब-रॉबिन्सन यांनी आधी ॲम्फेटामीन किंवा कोकेन देऊन मग उंदरांना अशा पिंजऱ्यात ठेवले. ती वाढ झालीच नाही, किंवा फार थोडी झाली. फळा आधीच गिचमिड लिहून भरला होता. मला हा निष्कर्ष तीन मेंदूंच्या चित्राहून कितीतरी अधिक चिंताजनक वाटतो. त्यात मरण नाही, भडक रंग नाहीत; शिकण्याची जागा दुसऱ्याच गोष्टीने अडवली आहे, एवढेच आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपुढे बोलताना सांगण्याजोगी गोष्ट ही आहे. अर्थात उंदरावरून माणसावर उडी मारताना जपावे लागेल, हे येथेही लागू आहेच.

आता आपल्याकडचा प्रश्न. महाराष्ट्रात तरुणांच्या संदर्भात ज्या उत्तेजक द्रव्याचे नाव सर्वाधिक ऐकू येते ते मेथॅम्फेटामीन नव्हे, तर मेफेड्रोन, बोलीभाषेत 'एमडी' किंवा 'म्याऊ म्याऊ'. फेब्रुवारी २०१५ मध्ये ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत आले. भाषणात एमडीचे नाव घ्यायचे आणि पडद्यावर मेथॅम्फेटामीनचे चित्र दाखवायचे, ही पद्धत चुकीची आहे. दोन्ही रेणू नात्यातले आहेत, दोन्ही डोपामीन बाहेर ओततात. पण अमेरिकेतील वेन स्टेट विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये उंदरांना मेफेड्रोन दिले, तेव्हा मेथॅम्फेटामीनने होते तशी डोपामीनच्या टोकांची हानी आढळली नाही. पुढच्याच वर्षी त्याच गटाने दाखवले की मेफेड्रोन बरोबर असले तर मेथॅम्फेटामीनची हानी वाढते. रस्त्यावरच्या पुडीत काय काय मिसळलेले आहे याची खात्री नसताना हा दुसरा निष्कर्ष गंभीर आहे. मेफेड्रोनची सवय लागते, त्याने हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, झोप उडते, भ्रम होतात, मृत्यूही झाले आहेत. इतके खरे सांगण्यासारखे असताना दुसऱ्याच द्रव्याचे चित्र उसने आणायचे कारण काय? एखाद्या चाणाक्ष विद्यार्थ्याने हा फरक शोधून काढला, तर आपण सांगितलेल्या खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडेल.

द्रव्यांची अशी अदलाबदल किती महागात पडते, याचा धडा खुद्द संशोधकांना मिळाला आहे. सप्टेंबर २००२ मध्ये 'सायन्स' या साप्ताहिकात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील जॉर्ज रिकॉर्टे यांच्या गटाचा निबंध आला. 'एक्स्टसी' नावाने विकल्या जाणाऱ्या एमडीएमएच्या एका रात्रीच्या मात्रांनी माकडांच्या डोपामीन पेशींची टोके मोठ्या प्रमाणावर नष्ट होतात, असा त्यात दावा होता. बातमी जगभर गाजली. पुढे प्रयोग पुन्हा करून पाहिले, तर निष्कर्ष येईना. शोध घेता उघड झाले की बाटल्यांवरील चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती; एक सोडून सर्व प्राण्यांना एमडीएमएऐवजी मेथॅम्फेटामीन दिले गेले होते. सप्टेंबर २००३ मध्ये निबंध मागे घेण्यात आला. शाळेच्या प्रयोगशाळेत आपण बाटलीवर चिठ्ठी लावण्याचा आग्रह का धरतो, हे मुलांना समजवायला ही हकीकत पुरेशी आहे. चूक लेखकांनी स्वतः जाहीर केली, हेही त्याबरोबर सांगावे. पण वर्षभर ज्यांनी तो दावा व्यासपीठांवरून सांगितला, त्यांपैकी कितीजणांनी तो व्यासपीठावरूनच मागे घेतला असेल?

पुस्तिकेतील दुसरे एक चित्र मला याहूनही खटकते. त्यात निरोगी हृदय आणि रोगी हृदय यांच्या शेजारी निरोगी मेंदू आणि कोकेन घेणाऱ्याचा मेंदू मांडला आहे. हृदयविकार जसा रोग, तसे व्यसन हाही रोग, हा त्याचा आशय. हेतू चांगला. पण मेंदूतला फरक व्यसनामुळे पडला की व्यसनाआधीच होता, हे एका वेळच्या चित्रावरून कळू शकत नाही. डोपामीनचे ग्राही व्यसनी माणसांत कमी दिसतात, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. २००७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवले की उतावळ्या स्वभावाच्या उंदरांत कोकेन देण्यापूर्वीच हे ग्राही कमी असतात आणि असे उंदीर कोकेन अधिक घेतात. त्याआधी २००२ मध्ये उत्तर कॅरोलिनातील वेक फॉरेस्ट विद्यापीठात माकडांवर झालेला प्रयोग तर अधिकच बोलका आहे. एकेकटी ठेवलेली २० माकडे चारचारच्या गटांत ठेवली. काही आठवड्यांत प्रत्येक गटात वरचढ कोण, दबलेले कोण हे ठरले. वरचढ माकडांच्या मेंदूत ग्राही वाढले, दबलेल्यांत वाढले नाहीत. आणि कोकेन उपलब्ध करून दिल्यावर दबलेल्या माकडांनी ते अधिक घेतले. गटात ठेवण्यापूर्वी त्यांच्यात हा फरक नव्हता. म्हणजे ज्याला आपण 'व्यसनी मेंदूची खूण' म्हणून भिंतीवर टांगतो, ती काही अंशी दबून राहिल्याची खूण असू शकते. वर्गातल्या मागच्या बाकाकडे पाहत हे वाक्य वाचावे.

औषधांच्या बाबतीत पुस्तिका प्रामाणिक आहे. अफूवर्गीय द्रव्ये, तंबाखू आणि दारू यांच्यासाठीची औषधे ती नावानिशी देते. उत्तेजक द्रव्यांचे व्यसन सोडवण्यासाठी मात्र अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्यता दिलेले एकही औषध आजवर नाही. पेशींविषयी एवढे ज्ञान असून असे का? एका उदाहरणाने समजेल. दक्षिण कॅरोलिनातील पीटर कॅलिव्हास यांना आढळले की उंदरांत दीर्घकाळ कोकेन घेतल्यावर ग्लुटामेट या दुसऱ्या रसायनाचा समतोल बिघडतो. चेतापेशींभोवतीच्या आधारपेशी सिस्टीन आत घेऊन ग्लुटामेट बाहेर सोडतात, ती देवघेव मंदावते. एन-ॲसिटाइलसिस्टीन या साध्या, स्वस्त औषधाने ती पूर्ववत करता येते. हे तेच औषध, जे कफ पातळ करायला आणि पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर वापरतात. २००३ मध्ये उंदरांवर त्याचा छान परिणाम दिसला, उंदीर कोकेनकडे परत वळेनासे झाले. २०१३ मध्ये माणसांवरील चाचणीचे निष्कर्ष आले. कोकेन घेत असलेल्यांत ते घेणे कमी झाले नाही. जे आधीच थांबलेले होते, त्यांच्या छोट्या गटात परत वळायला उशीर लागलेला दिसला, इतकेच. पेशीतला बिघाड बरोबर ओळखला, तो दुरुस्त करणारे औषधही मिळाले, तरी माणूस बरा झाला नाही. पेशीपासून माणसापर्यंत बरेच अंतर असते आणि त्या अंतरात घर, पैसा, मित्र, एकटेपण हे सारे येते.

अलीकडचे सर्वांत आशादायक यश २०२१ सालचे. नाल्ट्रेक्सोनचे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी आणि बुप्रोपिऑनची रोज गोळी, अशी जोडी मेथॅम्फेटामीनच्या ४०३ व्यसनी रुग्णांत तपासली गेली. पहिले औषध अफूवर्गीय ग्राही अडवते, दुसरे डोपामीनच्या त्याच वाहकाला थोडेसे अडवते. चारपैकी निदान तीन लघवीचे नमुने स्वच्छ आले तर उपचार लागू पडला, असे धरले होते. औषध घेणाऱ्यांत १३.६ टक्के, तर नुसत्या बनावट औषधावर असलेल्यांत २.५ टक्के. शंभरांत तेरा-चौदा. वृत्तपत्रांच्या भाषेत हे 'पाचपट यश' होते, आणि अंकगणिताने ते बरोबरही आहे. पण हेच वाक्य 'शंभरांतील शहाऐंशींना उपयोग झाला नाही' असेही लिहिता येते. दहावीच्या विद्यार्थ्यांपुढे दोन्ही वाक्ये ठेवून कोणते खरे असे विचारून पाहावे. शेकडेवारीचा तास सत्कारणी लागेल.

औषधे पेशींना बदलतात, हेही लक्षात ठेवावे, आणि त्यात भिण्यासारखे काही नाही. २०१३ मध्ये व्होल्काव यांच्याच गटाने अवधानाच्या विकारासाठी वर्षभर मिथाइलफेनिडेट घेतलेल्या १८ प्रौढांत डोपामीनचे वाहक २४ टक्क्यांनी वाढलेले दाखवले. दारात कोणी सतत आडवे येऊ लागले तर पेशी हमालांची भरती करते. हे चित्र रंगीत छापले तर औषध घेणाऱ्याचा मेंदू निरोग्याहून अधिक 'लाल' दिसेल. तो अधिक निरोगी म्हणायचा काय? तीन मेंदूंच्या चित्रात लाल म्हणजे चांगले, असे आपण न सांगता गृहीत धरलेले असते, ते येथे उघडे पडते. आणि यावरून पालकांनी मुलाचे औषध परस्पर बंद करणे हा तर शुद्ध अविचार होईल.

उत्तेजक द्रव्यांच्या व्यसनावर आज सर्वांत परिणामकारक म्हणून गणला जाणारा उपाय औषधाचा नाहीच. लघवीचा नमुना स्वच्छ आला की लगेच लहानसे बक्षीस किंवा खरेदीची पावती द्यायची, पुढच्या वेळी जरा मोठे. ऐकायला पोरकट वाटते, पण अनेक चाचण्यांत ते टिकले आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतच मार्को व्हेनिरो आणि यावीन शाहम यांनी उंदरांपुढे दोन कळा ठेवल्या. एक दाबली की मेथॅम्फेटामीन, दुसरी दाबली की दार उघडून दुसऱ्या उंदराचा सहवास. द्रव्याची सवय लागलेल्या उंदरांनीही जवळजवळ नेहमी सोबती निवडला. या प्रयोगाला रंगीत छेद नाहीत, म्हणून तो भित्तिपत्रकावर येत नाही.

मराठी वाचकाला या बाबतीत एक वेगळी परंपरा ठाऊक आहे. ब्राऊन शुगरच्या लाटेच्या काळात डॉ. अनिल अवचट यांनी 'गर्द' लिहिले आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झाले. त्या लेखनाचा भर माणसांवर होता, त्यांच्या बायका, आया, नोकऱ्या, चोऱ्या यांवर होता. त्याच सुमारास, १९८७ मध्ये, अमेरिकेतील दूरचित्रवाणीवर एक जाहिरात गाजत होती : तापलेल्या तव्यात अंडे फोडायचे आणि म्हणायचे, हा तुमचा द्रव्य घेतलेला मेंदू. तळलेले अंडे पुन्हा कच्चे होत नाही. तीन मेंदूंचे चित्र त्या अंड्यापेक्षा नक्कीच सरस आहे, निदान ते परत येण्याची शक्यता मान्य करते. पण त्याची घडण त्या जाहिरातीच्याच कुळातली आहे, माणूस बाजूला ठेवून अवयव दाखवण्याची.

हे चित्र वर्गातून काढून टाकावे असे माझे म्हणणे नाही. त्याची काळी-पांढरी छायाप्रत काढावी, खाली 'माणसे : पाच' असे लिहावे आणि मुलांना विचारावे की येथे काय मोजले आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीप्रमाणे भारतात १० ते ७५ वयोगटात ॲम्फेटामीन वर्गातील द्रव्ये घेणाऱ्यांचे प्रमाण ०.१८ टक्के, कोकेन घेणाऱ्यांचे ०.१० टक्के, तर दारू घेणाऱ्यांचे १४.६ टक्के होते. तेव्हा मुले जे प्रश्न विचारतील, ते बहुधा मेथॅम्फेटामीनविषयी नसतील. घरातल्या कोणाविषयी तरी असतील, आणि तास संपल्यावर, एकेकट्याने येऊन विचारले जातील.